डावीकडची सीट

चौक ओलांडला, पुढे रस्ता मोकळा मिळाला, इंजिनाचा आवाज चढायला लागला आणि तिचा उजवा हात स्टिअरिंग सोडून सरळ दारावर जाऊन आदळला. बोटं काचेच्या बटणांवर पडली. काच सरसर अर्धी खाली उतरली आणि बाहेरची धूळ, हॉर्न, कुठल्यातरी दुकानातलं गाणं असं सगळं एकदम आत शिरलं. शेजारी बसलेल्या मास्तरांनी एका हाताने स्टिअरिंग धरलं, आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. ते रागावले नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांची उभी हयात गेली होती. घाबरून डोळे मिटणारे, ब्रेकऐवजी वायपर लावणारे, समोरून बस आली की देवाचं नाव घेऊन दोन्ही हात जोडणारे असे सगळे नमुने त्यांच्या हाताखालून गेले होते. पण दारावर हात मारणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं. दार उघडून पळून जायचा विचार आहे का, असं त्यांनी विचारलं. ती हसली आणि बोटं चोळत म्हणाली, सवय आहे. मास्तर बुचकळ्यात पडले. गाडी चालवायची सवय नाही म्हणून तर बाई शिकायला आली, मग ही सवय कसली? तिने सांगितलं नाही. सांगायला गेलं असतं तर फार मागून सुरुवात करावी लागली असती, आणि लांबलचक बोलायची तिची सवय अलीकडे सुटलीच होती. ज्याच्याशी बोलायचं तो समोर नसला की वाक्यं आपोआप आखूड होत जातात.

तो हात कितीतरी वर्षं गिअर टाकत आला होता, पण डावीकडच्या सीटवरून. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका जुन्या इमारतीत काम करताना लिफ्टच्या खड्ड्यात तो घसरला, डावा खांदा निखळला, आणि बसवला तरी नीट बसला नाही. हात आपला खाली लोंबता ठेवला तर काही नाही, पण बाजूला नेऊन काही ढकलायचं म्हटलं की अशी कळ यायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. डॉक्टर म्हणाले, गाडी विसरा. तो विसरणाऱ्यातला नव्हता. एका सकाळी तो नेहमीसारखा उजवीकडे बसला, ती नेहमीसारखी डावीकडे. त्याने किल्ली फिरवली, क्लच दाबला आणि समोर बघत राहिला. तिला वाटलं, काही विसरला असेल. मग तिचं लक्ष त्याच्या दाबलेल्या पायाकडे गेलं आणि तिथून दोघांच्या मधल्या दांड्याकडे. तिने आपला उजवा हात त्यावर ठेवला आणि कराकरा आवाज करत पहिला गिअर टाकला. त्याने तोंड वाकडं केलं, पण गाडी हलली.

पुढे तो कराकरा आवाज गेला. तिचा कान आधीपासून तयार होता. ती कानाच्या डॉक्टरांकडे कामाला होती, आलेल्यांच्या ऐकण्याची तपासणी करायची. इंजिन कधी धाप टाकतंय, कधी उगाच ओरडतंय हे कळायला तिला मास्तरांची गरज नव्हती. आवाज अमुक एका उंचीला पोचला की त्याचा डावा पाय खाली जायचा आणि त्याच क्षणी तिचा हात दांडा पुढे किंवा मागे सारायचा. आधी पाय की आधी हात, हे पुढे पुढे दोघांनाही सांगता आलं नसतं. एकदा चौकात पोलिसाने गाडी अडवली आणि विचारलं, चालवतंय कोण नक्की? नवरा गंभीरपणे म्हणाला, "अजून ठरलं नाही." पोलिसाला हसू आवरेना, त्याने जा म्हणून हात केला. तिला वाटायचं, आपला संसार कुणाला दाखवायचा झाला तर ही गाडी दाखवावी. घरात दोघं फारसं बोलत नसत. तो थकून यायचा, ती दिवसभर परक्यांच्या कानांत शिट्या वाजवून आलेली असायची, जेवताना ताटांचे आवाज. पण गाडीत बसलं की त्याला काय हवंय ते तिला न सांगता कळायचं, आणि तिला कळलंय हे त्याला. याला प्रेम म्हणायला दोघंही लाजले असते. त्यांच्या दृष्टीने तो दुसरा, तिसरा आणि चौथा गिअर होता.

भांडणातही ते चालू राहायचं. एकदा तिच्या बहिणीच्या घरी जाताना कशावरून तरी जुंपली. कशावरून ते आज तिला आठवत नाही, नक्की क्षुल्लक असणार. दोघंही गाल फुगवून बसले. पूल लागला, चढ सुरू झाला, चढ संपला, उतार आला, आणि तिने मुद्दाम हात मांडीवर ठेवला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत होती. आवाज तिच्या कानाच्या पडद्याला लागत होता. त्याने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. 'टाक' म्हणाला असता तर तिने टाकला असता आणि वर चार शब्द सुनावलेही असते. पण तो म्हणाला नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे निघून गेल्या. अख्खा पूल त्यांनी बैलगाडीच्या चालीने पार केला. शेवटी तिलाच इंजिनाची दया आली. तिने तिसरा टाकला आणि दोघांनी एकदम सुस्कारा सोडला. मागायचं नाही हा त्याचा हट्ट होता. मागायची वेळ येऊ द्यायची नाही हा तिचा होता.

मास्तर आधी गिअरच्या गाडीवरच शिकवत होते. ऑटोमॅटिकबद्दल त्यांचं मत कडक होतं. ते गाडी चालवणं नव्हे, गाडीत बसणं, असं ते म्हणत. पण ही विद्यार्थिनी त्यांच्या आवाक्याबाहेरची निघाली. तिला गाडीतलं अर्धंच येत होतं, आणि तेही उलट्या बाजूने. इंजिन बोलावू लागलं की तिचा उजवा हात उजवीकडे धावायचा, तिथे दार असायचं. डावा हात दांड्यावर ठेवायला सांगितला तर तो पाहुण्यासारखा नुसता टेकून राहायचा. पायांचं तर विचारूच नये. आठवडे गेले, चढावर गाडी इतक्यांदा बंद पडली की रस्त्याकडेचा पंक्चरवाला तिला ओळखून हात करू लागला. शेवटी मास्तरांनीच शरणागती पत्करली. "ताई, सरळ हिशेब करा," ते म्हणाले. "ही गाडी यायला तुम्हाला वर्ष लागेल. ऑटोमॅटिक महिन्यात येईल. गिअरची गाडी मात्र मग येणार नाही, एवढंच. तुम्हाला घाई आहे का नाही, ते सांगा."

घाई होती. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, आजाऱ्यांच्या निवासात होता. मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि आधीच रुसलेला डावा हात कायमचा गेला, त्याच्याबरोबर डावा पायही. शब्द आत तयार व्हायचे, पण ओठांपर्यंत येईतो चुरगळायचे. त्याला घरी आणता येत नव्हतं, कारण घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही, हा खालच्या मजल्यावरच्या काकांचा आवडता विनोद होता. नवरा आजारी पडल्यावर त्यांनी तो करायचं थांबवलं, ते तिला जास्त लागलं. ती दोन बस बदलून त्याला भेटायला जायची. तिथे एक लांब व्हरांडा, भिंतीला लावून खुर्च्या, खुर्च्यांत माणसं, आणि वर एक टीव्ही, ज्याच्याकडे कुणी बघत नसे. तिथली मावशी कामाला चोख होती. त्याच्या शर्टाचं बटण लावायला त्याचा उजवा हात वर आला की ती तो हलकेच खाली ठेवायची आणि म्हणायची, "काका, तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बसा." चमचा ती धरायची, खुर्ची ती ढकलायची. तो बसायचा. जो माणूस बंद पडलेल्या लिफ्टच्या छपरावर उभा राहून भाकरी खायचा, तो आता दिवसभर बसण्याचं काम नीट पार पाडत होता.

एकदा तिने भाड्याची गाडी करून त्याला तळ्यापर्यंत फिरवून आणायचं ठरवलं. ड्रायव्हर वाईट नव्हता, घाईत होता. नवऱ्याला मागच्या सीटवर बसवता बसवता त्याने तीनतीनदा घड्याळ पाहिलं. वाटेत नवऱ्याला लघवी आवरली नाही. ड्रायव्हरने फक्त सगळ्या काचा खाली केल्या. परत आल्यावर, गाडी म्हटलं की नवरा मान हलवायचा, नाही. डॉक्टरीण म्हणाल्या, बाहेर नेत जा, माणूस खुर्चीत विझत चाललाय, अजून काही महिने असेच गेले तर बाहेर यायचंच म्हणणार नाही. आपल्या माणसाने चालवलेली आपली गाडी असेल तर येईल कदाचित. ते 'कदाचित' धरून ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालायला गेली होती. म्हणून तिने मास्तरांना सांगितलं, ऑटोमॅटिक चालेल.

ऑटोमॅटिक फारच सोपी निघाली, आणि सोपेपणाचा तिला राग आला. दोन पायपट्ट्या, त्याही एकाच पायाच्या. डाव्या पायाला कामच नाही. दांडा होता, पण निघताना एकदा मागे ओढला की त्याचं काम संपलं. मास्तर म्हणाले, त्याला विसरून जा, तो नाहीच असं समजा. निवासातला व्यायाम शिकवणारा नेमकं याच्या उलट सांगायचा, पाय आहे असं समजा, त्याच्याशी बोला. आणि मग तो आवाज. इंजिन चढायचं, ती श्वास रोखायची, आणि कुणी हात न लावता, कुणी पाय न दाबता आत कुठेतरी गिअर पडायचा आणि आवाज शहाण्यासारखा खाली यायचा. तपासणीच्या बंद खोलीत तिला तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटायची. कानावर हेडफोन, हातात बटण, शिट्टी ऐकू आली की दाबायचं. काही जण शिट्टी वाजलेली नसतानाही दाबायचे, आपलं बरं चाललंय हे दाखवायला. त्यांचं बोट किंचित उशिरा पडतं आणि चेहऱ्यावर विचारल्यासारखं काहीतरी असतं, तेवढ्यावरून ती ओळखायची. या गाडीच्या आवाजात विचारणं नव्हतंच. गाडीचं कुणावाचून काही अडत नव्हतं. शिकवणी संपवून ती चार मजले चढायची, कुलूप काढायची, आणि दार लागल्याचा आवाज मोठा येऊ नये म्हणून ते हाताने धरून लावायची. घरात कुणी झोपलेलं नसताना हे आपण का करतो, ते तिला कळत नसे. स्वयंपाक एकटीपुरता करता येत नव्हता, भात उरायचाच. उरलेला भात सकाळी खाताना तिचा हात कधी कधी टेबलावर उजवीकडे सरकायचा आणि तिथे काहीच नसायचं.

परवाना मिळाला. जुनी गाडी तिने विकली, कारण आता ती तिला चालवता येणार नव्हती आणि ज्याला यायची त्याला चालवता येत नव्हती. घेणाऱ्याने चक्कर मारून बघितली आणि म्हणाला, क्लच अजून छान आहे, सांभाळून वापरलाय. ती हो म्हणाली. वापरलेली पण चांगल्या स्थितीतली एक ऑटोमॅटिक तिने घेतली. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. सांगायला गेली होती, पण त्या दिवशी मावशी त्याला भरवत होती, त्याच्या हनुवटीवरून वरण ओघळत होतं, आणि त्याने तिच्याकडे असं बघितलं की तिला वाटलं, आता नको.

रविवारी सकाळी ती निवासाच्या फाटकाशी आली तेव्हा तिचा शर्ट पाठीला चिकटला होता. पण वाटेत हात दारावर एकदाही गेला नव्हता. मावशीने चाकाची खुर्ची बाहेर आणली. तो नीट भांग पाडून तयार होता. त्याची नजर फाटकाबाहेर फिरली, उभ्या गाड्यांवरून गेली, परत आली. तो त्यांची जुनी गाडी शोधत होता. ती पुढे झाली, या गाडीचं दार उघडलं आणि म्हणाली, "अहो, ही आपली. मी चालवणार आहे." त्याने गाडीकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती मान हलण्याची वाट बघत राहिली, नाही म्हणून. मान हलली नाही. उजव्या हाताने छपराची कड धरून, मावशीला जवळपास बाजूला सारून, त्याने स्वतःला सीटवर टाकलं. डावा पाय तिने उचलून आत ठेवला, पट्टा लावला, आणि वळसा घालून उजवीकडे येऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्या या बाजूला होती. त्याचा चांगला गाल, चांगला हात, चांगला पाय, सगळं तिच्याकडे होतं.

गाडी फाटकातून बाहेर पडली. तो ताठ बसला होता. डोळ्यांत काहीतरी जागं झालं होतं, खूप दिवसांनी. तिला हसावंसं वाटलं. मोकळा रस्ता आला, इंजिन चढायला लागलं, आणि तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, त्याचा उजवा हात मांडीवरून उठला आणि दोघांच्या मधल्या दांड्यावर येऊन बसला. नेमका. जसा तिचा बसायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून त्याने तो हात पाहिला होता. त्याची नजर तिच्या डाव्या पायावर होती. तो पायाची वाट बघत होता. पाय चटईवर पडून होता. आवाज चढला, पाय हलला नाही, आणि आवाज आपला आपण खाली आला. त्याच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा आवाज चढला. या वेळी तो थांबला नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकतात तसा त्याने दांडा अलगद पुढे सारला. दांडा न्यूट्रलला गेला, गाडीची ओढच तुटली, इंजिन मोकळं होऊन किंचाळलं, मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्नवर हात ठेवला. त्याचा हात दांड्यावरून उचलून तिने त्याच्या मांडीवर ठेवला, दांडा मागे ओढला आणि म्हणाली, "तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बसा."

तो बसला. लगेच बसला. इतक्या सराईतपणे, की तिला आपण काय म्हणालो ते त्याच्या बसण्यावरून कळलं. हात मांडीवर, बोटं सरळ, मान किंचित खाली. व्हरांड्यातल्या खुर्चीतला माणूस तिने उचलून आपल्या गाडीत आणला होता. एवढ्या आठवड्यांची धडपड, मास्तरांची बोलणी, विकलेली गाडी, आणि शेवटी ती काय झाली, तर दुसरी मावशी. तिला सांगायचं होतं की या गाडीला कुणाचाच हात लागत नाही, माझासुद्धा, मला हिचा राग येतो. पण ते वाक्य लांब होतं आणि समोर सिग्नल लाल झाला होता.

तिने गाडी थांबवली. ब्रेक दाबून ठेवला. मग तिला सुचलं. दांडा तिने हळूच न्यूट्रलला सारला. हिरवा झाला की तो त्याने मागे ओढायचा, गाडी निघेल, आणि ती त्याच्यामुळे निघेल. धोका काही नाही, ब्रेक आपल्या पायाखाली आहे. तिने त्याचा हात धरून दांड्यावर ठेवला. तो दांड्याकडे बघत राहिला. सिग्नल हिरवा झाला. तो हलला नाही.

"टाका," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि परत घेता येईना. पुलावर गाडी रडत असताना त्याने जो उच्चारला नव्हता, तो शब्द तिने उच्चारला होता. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या ब्रेकवरच्या पायाकडे पाहिलं. मशीनं उघडून बघण्यात ज्याचा जन्म गेला त्याला एवढं कळायला किती वेळ लागणार. आजारी मुलाला खेळायला कणकेचा गोळा देऊन बसवावं तसं आपल्याला काम दिलंय, हे त्याला कळलं होतं. आणि तिला त्याचं वाईट वाटतंय हेही त्याला कळलं, कारण त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"राहू दे," तो म्हणाला.

आजारपणानंतर त्याचा इतका स्वच्छ शब्द तिने ऐकला नव्हता. एकही अक्षर चुरगळलं नव्हतं. त्याने हात काढून घेतला आणि काचेतून बाहेर बघू लागला.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने डाव्या हाताने दांडा ओढला, ब्रेक सोडला, गाडी निघाली. आवाज चढला, कुणी काही न करता उतरला, पुन्हा चढला. दोघंही ऐकत होते. तळं यायला अजून बराच रस्ता होता. तिला रडू येत होतं, पण रडून चालणार नव्हतं. रस्त्याकडे बघणारं गाडीत आता तिच्याशिवाय कुणी नव्हतं.